पेट्रोल उडून जातं म्हणजे नेमकं कुठे जातं?

तर झालं असं की, मार्चमधल्या एका शुक्रवारी हापिसातून घरी येताना गाडीच्या डॅशबोर्डवर तो सुप्रसिद्ध पिवळा दिवा लागला. चेक इंजिन! गाडी तशी म्हातारी, २००८ ची. पण चालत होती झकास. आवाज नाही, धक्के नाहीत, मायलेज नेहमीचंच. दुसरं कुठलं राज्य असतं तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून मी पुढची दोन वर्षं आनंदात काढली असती. पण आमचं बिऱ्हाड कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. इथे जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी 'स्मॉग चेक' नावाची परीक्षा असते आणि दिवा लागलेला असेल तर गाडी सरळ नापास. परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. (बायकोच्या मते या गाडीला माझ्यापेक्षा जास्त परीक्षा द्याव्या लागतात.)

कोड रीडर लावून पाहिला. पी ०४५५. म्हणजे पेट्रोलची वाफ कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती. मेकॅनिकने गाडी वर उचलली, मागच्या बाजूला टाकीजवळचा एक काळा प्लॅस्टिकचा डबा दाखवला आणि त्याची नळी काढून बोटाने टिचकी मारली. नळीतून काळी पूड पडली. मसाल्याच्या डब्याच्या तळाशी राहते ना, तशी.

"टाकी भरताना पंप एकदा बंद झाला की तू थांबतोस का?" त्याने विचारलं.

आता काय सांगणार! पंप थांबला की आणखी दोन-चार वेळा दाबून 'राउंड फिगर' करायची सवय मला पुण्यापासूनची आहे. एक्केचाळीस डॉलर सदतीस सेंट हा आकडा मला बघवत नाही. पंचेचाळीस कसं छान दिसतं! तर त्या राउंड फिगरपायी माझ्या टाकीतलं पेट्रोल दर वेळी थोडं थोडं त्या डब्यात शिरत होतं. डबा वाफेसाठी असतो, त्याला द्रव पेट्रोल सोसत नाही. आतल्या कोळशाचा भुगा झाला, भुगा झडपेत अडकला, झडप नीट मिटेना आणि दिवा लागला.

कंपनीचा ओरिजिनल डबा: ४२० डॉलर, मजुरी वेगळी. जालावर मिळणारा लोकल डबा: ५८ डॉलर, पोस्टेज फुकट. फोटोत दोघे जुळे भाऊ. मी काय घेतलं असेल ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल. :)

त्या डब्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण डबा घरी येईपर्यंतच्या दोन विकांतांत मी याच्या इतिहासात जो शिरलो तो शिरलोच. गाडीला कोळशाचा डबा बांधायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, हे शोधता शोधता मी पहिल्या महायुद्धापर्यंत जाऊन आलो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय माझ्या ५८ डॉलरची गोष्ट कळायची नाही.

वास

आमच्या लहानपणी वाड्याच्या बोळात बाबांची स्कूटर उभी असायची. मे महिन्यात दुपारी शाळेच्या सुट्टीत तिथे खेळताना पेट्रोलचा एक गोडसर वास भरून राहिलेला असायचा. टाकी गळत नसे, खाली डाग नसे, पण वास असायचाच. "उन्हाने पेट्रोल उडतं, म्हणून सावलीत लावायची," असं बाबा सांगायचे. उडून कुठे जातं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आपल्याकडे 'उडालं' म्हटलं की विषय संपतो. कापूर उडतो, स्पिरिट उडतं, पगार उडतो.

लॉस एंजेलिसमध्येही हा विषय असाच संपलेला होता. तो उकरून काढायला एक अननसवाला लागला.

२६ जुलै ही तारीख आपल्याला २००५ च्या मुंबईतल्या पावसामुळे लक्षात आहे. लॉस एंजेलिसलाही ती लक्षात आहे, पण १९४३ ची. त्या दिवशी शहरावर धुरकट तपकिरी पडदा उतरला. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय अशी आवई उठली. संशय एका रबराच्या कारखान्यावर गेला आणि तो बंदही करवला गेला. पडदा काही हटला नाही. मग तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या मागे लागले, घरोघरी परसात कचरा जाळायच्या भट्ट्यांवर बोट ठेवलं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, फक्त रस्त्यावर उभ्या असलेल्या लाखो मोटारी सोडून.

आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच माणूस तेव्हा तिथल्याच पॅसाडिनामध्ये, कॅलटेकमध्ये होता. त्याचा अभ्यासाचा विषय काय, तर अननसाला अननसाची चव कशाने येते. फळांचा दरवळ थंड नळ्यांमध्ये पकडायचा आणि त्यात कोणकोणती रसायनं आहेत ती वेगळी करायची, यात त्याचा हात बसलेला. त्याच नळ्यांतून त्याने खिडकीबाहेरची हवा ओढली, तर तपकिरी रंगाचे घाण वासाचे काही थेंब मिळाले. पुढे १९५० च्या आसपास त्याने उलगडा केला. पेट्रोलची वाफ (म्हणजे हायड्रोकार्बन), इंजिनाच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कॅलिफोर्नियाचं ऊन, हे तिघं एकत्र आले की हवेतच ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात ते या शिजलेल्या मिश्रणाने. त्याने हे दाखवायला वापरलेली एक युक्ती मला फार आवडली. वाकवून ताणलेल्या रबराला ओझोनने भेगा पडतात, त्या किती लवकर पडतात यावरून हवेत ओझोन किती ते कळतं. चार आण्यांचा सेन्सर!

मुद्दा लक्षात घ्या. वाफ 'उडून जाते' तेव्हा ती संपत नाही. उन्हात तिचं दुसरंच काहीतरी होतं आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी छातीत जातं.

तेल कंपन्यांच्या पैशाने चालणाऱ्या संशोधकांनी त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यावर भडकून तो पुन्हा प्रयोगशाळेत शिरला आणि आणखी पुरावे घेऊन बाहेर आला. मोटार कंपन्यांचं काय? लॉस एंजेलिस काउंटीचे एक लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी १९५३ पासून डेट्रॉइटला पत्रं लिहायला सुरुवात केली. फोर्डकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता की ही वाफ हवेत लवकर विरून जाते, तेव्हा प्रदूषणाचा प्रश्न येत नाही. वाचून मला एकदम बाबा आठवले. फरक एवढाच की बाबांना माहीत नव्हतं. १९६९ साली तर अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कंपन्यांवर खटलाच भरला. धूर कमी करणारी उपकरणं मुद्दाम लांबवण्यासाठी त्यांनी संगनमत केलं, असा आरोप होता. त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला.

डबा येतो

त्या काळच्या गाडीतून हायड्रोकार्बन बाहेर पडायचे तीन रस्ते होते. साधारण ६० टक्के सायलेन्सरमधून, २० टक्के इंजिनाच्या पोटातून (क्रँककेस) आणि उरलेले २० टक्के टाकी आणि कार्ब्युरेटरमधून नुसते उडून. हा तिसरा रस्ता मजेशीर आहे, कारण त्यासाठी गाडी चालवावी लागतच नाही. ती उन्हात उभी राहिली तरी पुरे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असे. दिवसा तापून टाकीतली वाफ बाहेर, रात्री थंड होऊन ताजी हवा आत. गाडी झोपेत श्वास घेत असे म्हणा ना.

इंजिनाच्या पोटातल्या वाफेचा बंदोबस्त आधी झाला. १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत ती परत इंजिनातच जाळायची सोय येऊ लागली. १९६७ च्या कायद्याने राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला आपला अननसवाला हागेन-स्मिट. टाकीच्या वाफेचा नंबर १९७० च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात लागला आणि १९७१ च्या मॉडेलांपासून सगळ्या अमेरिकेत.

उपाय होता कोळसा. उभ्या गाडीच्या टाकीतली वाफ नळीने कोळशाच्या डब्यात न्यायची, डब्याचं दुसरं तोंड हवेला उघडं ठेवायचं. वाफ कोळशाला चिकटते, हवा तेवढी बाहेर जाते. मग गाडी चालू झाली की इंजिन त्याच डब्यातून ताजी हवा उलटी ओढतं, चिकटलेलं पेट्रोल सुटतं आणि सिलिंडरमध्ये जळून जातं. रात्री भरायचा, दिवसा रिकामा करायचा. घरातल्या कचऱ्याच्या बादलीसारखंच, फक्त इथे कचऱ्यावर गाडी चालते.

हा कोळसा मात्र इस्त्रीवाल्याचा कोळसा नव्हे. त्याला 'सक्रिय' करावं लागतं, म्हणजे वाफेने किंवा आम्लाने त्याच्यात अगणित बारीक छिद्रं पाडावी लागतात. अशा १ ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग सहज १००० चौरस मीटर भरतो. म्हणजे जवळजवळ १० गुंठे. चिमूटभर कोळशात १० गुंठे! ४ ग्रॅमला एक एकर. गावाकडे ज्या जमिनीवरून भाऊबंद तीन पिढ्या कोर्टात भांडतात ती चहाच्या चमच्यात मावेल.

हे ज्ञान आलं युद्धातून. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि जगाला घाईघाईने मुखवटे बनवावे लागले. रशियात निकोलाय झेलिन्स्की याने त्याच वर्षी सक्रिय कोळशाचा मुखवटा सुचवला. सगळ्यात उत्तम कोळसा निघाला नारळाच्या करवंटीचा. नारळ कमी पडले तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं जमा करून द्यायचं आवाहन केलं गेलं. आपली आजी करवंट्या बंबात घालायची. त्यातून कुणाचा तरी जीव वाचू शकतो हे तिला कळलं असतं तर तिने त्या धुऊन, वाळवून ठेवल्या असत्या.

आता इथे एक गोम आहे, आणि पुढे माझ्या ५८ डॉलरशी तिचा संबंध आहे. करवंटीच्या कोळशाची छिद्रं फार बारीक असतात. मुखवट्याला तेच हवं, कारण विष एकदा धरलं की सोडायचं नाही. गाडीच्या डब्याचं काम उलटं आहे. रोज धरायचं आणि रोज सोडायचं. छिद्र फार बारीक असेल तर पेट्रोल आत घट्ट बसतं, ताज्या हवेने निघत नाही, आणि डबा पहिल्या काही दिवसांतच अर्धा भरलेला राहतो. म्हणून गाडीसाठी थोडी मोठी छिद्रं असलेला, लाकडाच्या भुशापासून फॉस्फोरिक आम्लाने बनवलेला कोळसा रूढ झाला. व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनच्या कागद गिरणीवाल्या वेस्टव्हाको कंपनीने त्यात नाव कमावलं. या कोळशाची गुणवत्ता मोजायला ब्युटेन वायू वापरतात. किती धरला आणि त्यातला किती परत सोडला, ही त्याची 'कामाची क्षमता'. दोन काळे डबे बाहेरून जुळे असले तरी हा आकडा दोघांचा वेगळा असू शकतो, आणि तो झाकणावर छापलेला नसतो.

परीक्षेची परीक्षा

नियम आला म्हणजे परीक्षा आली. सगळ्यात सुरुवातीला पद्धत अशी होती: गाडीतून जिथून वाफ निघते असं वाटतं तिथे तिथे कोळशाच्या छोट्या कुप्या जोडायच्या, आणि परीक्षेनंतर कुप्यांचं वजन किती वाढलं ते बघायचं. १९७२ पासून मर्यादा होती २ ग्रॅम. गाड्या पास होऊ लागल्या. सगळे खूश.

संगणकवाल्या मंडळींना यातला घोळ लगेच दिसला असेल. जिथे कुपी लावली तिथलीच वाफ मोजली जाणार! नळीच्या जोडातून, झाकणाच्या कडेतून, कार्ब्युरेटरच्या फटीतून जे निघालं त्याचा हिशेब शून्य. आपणच टेस्ट केस लिहायच्या आणि आपल्याला माहीत असलेल्याच जागा तपासायच्या, म्हणजे बिल्ड कायम हिरवंच राहणार.

यावरचा उतारा साधा आणि दणकट होता. अख्खी गाडीच एका हवाबंद खोलीत ढकलायची. टाकीतलं पेट्रोल तासाभरात साधारण १६ अंशांवरून २९ अंशांपर्यंत तापवायचं, जणू सकाळची दुपार झाली. नंतर गाडी चालवून गरम करून पुन्हा तासभर खोलीत कोंडायची. शेवटी खोलीतल्या हवेत हायड्रोकार्बन किती ते मोजायचं. कुठून का निघेना, खोलीतून पळणार कुठे? इंग्रजी आद्याक्षरांवरून या खोलीचं नाव पडलं 'शेड'. शेडमध्ये पाहिलं तर खरी वाफ कुप्यांनी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. १९७८ च्या मॉडेलांपासून शेड सक्तीची झाली, आणि मर्यादा ठेवली ६ ग्रॅम. कागदावर बघाल तर २ चे ६ झाले, म्हणजे नियम तिप्पट सैल. प्रत्यक्षात तो कितीतरी कडक झाला होता, कारण आता परीक्षा खरी होती. १९८१ मध्ये शेडमधलीच मर्यादा २ ग्रॅमवर आणली.

पुढे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. एक तासाची दुपार खरी नाही हे लक्षात आलं, म्हणून नव्वदच्या दशकात दोन-तीन दिवस तापमान वर-खाली करणारी परीक्षा आली. पंपावर टाकी भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते हे धरलंच नव्हतं. १९९० च्या कायदेबदलानंतर १९९४ मध्ये नियम झाला आणि १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने मोटारींचे डबे मोठे झाले. भरताना निघणारी जवळजवळ सगळी वाफही आता गाडीनेच गिळायची. आणि शेड तर फक्त कारखान्याच्या नव्या गाडीला, लोकांच्या दहा वर्षं वापरलेल्या गाडीचं काय? म्हणून १९९६ च्या मॉडेलांपासून गाडीतला संगणकच स्वतःच्या यंत्रणेवर नजर ठेवू लागला. आधी १ मिलिमीटर आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीसुद्धा त्याने पकडायची. माझा पिवळा दिवा हा या पन्नास वर्षांच्या भांडणाचा खापरपणतू.

५८ डॉलर

एप्रिलमध्ये डबा आला. मित्राच्या घरून जॅक आणला, दोन बोल्ट, तीन नळ्या, एक वायरचा कनेक्टर. दीड तासात काम फत्ते. कोड पुसला, आठवडाभर गाडी चालवली. टाकी ना फार भरलेली, ना फार रिकामी, रात्रभर गाडी थंड, मग सकाळी चालवायची, असे सोपस्कार केल्यावर संगणकाने आपली वाफेची तपासणी पूर्ण केली. सगळं हिरवं. स्मॉग चेक पास! ३६२ डॉलर वाचवले म्हणून मी बायकोसमोर थोडी कॉलरही ताठ केली.

जूनमध्ये ऊन तापलं. आमचं गॅरेज घराला लागूनच आहे आणि वर लेकीची खोली. एका शनिवारी टाकी फुल्ल करून (राउंड फिगर न करता, शप्पथ!) घरी आलो. पंप घरापासून पाच मिनिटांवर. संध्याकाळी लेक जिन्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, हा गोड गोड वास कसला येतोय?"

मी थबकलोच. वाड्याचा बोळ, मे महिना, स्कूटर. तोच वास.

गाडीखाली शिरून सगळे जोड तपासले. साबणाचं पाणी लावून पाहिलं. डाग नाही, भेग नाही. दिवा बंद. पुन्हा रीडर लावला, एकही कोड नाही. पुढच्या वेळी टाकी भरली तेव्हाही तेच. अर्धी टाकी असताना मात्र वास नाही.

मग एका रात्री कागदावर आकृती काढत बसलो आणि ट्यूब पेटली. संगणक गळती तपासतो तेव्हा तो डब्याचं हवेकडचं तोंड झडपेने बंद करतो आणि आतला दाब टिकतो का ते बघतो. गाडी नुसती उभी असते तेव्हा मात्र ते तोंड उघडं असतं, तसंच असायला हवं. त्या वेळी लेकीची खोली आणि टाकीतली वाफ यांच्यामध्ये असतो फक्त कोळसा. आणि तो कोळसा किती आहे, कसला आहे, त्याच्यात धरायची ताकद किती, हे संगणक कधी विचारतच नाही. डब्यात कोळशाऐवजी गोट्या भरल्या असत्या तरी माझी गाडी पास झाली असती! टाकी भरताना निघालेल्या वाफेनेच माझा नवा डबा तुडुंब होत होता. पाच मिनिटांच्या रस्त्यात तो रिकामा होणं शक्य नव्हतं, आणि गॅरेजच्या उष्म्याने टाकीतून आणखी वाफ आली की ती सरळ बाहेर. पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असतं आणि बेन्झीनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. घराला लागून असलेल्या गॅरेजमधून ते घरात शिरतं, हे अभ्यासांत दिसून आलेलं आहे. हे वाचल्यावर ३६२ डॉलरचा आनंद उडून गेला. (कुठे गेला ते विचारू नका.)

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातलं कलम २७१५६ सांगतं की धूर-वाफेच्या यंत्रणेत फेरफार करणारा पार्ट विकायचा तर हवा मंडळाची मंजुरी हवी. कंपनीबाहेरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर तर मंजुरीचा क्रमांक असावाच लागतो. पण मूळ पार्टच्या जागी बसणारा, प्रदूषणाच्या बाबतीत 'मूळ पार्टसारखंच काम करणारा' पार्ट असेल तर वेगळ्या मंजुरीची गरज नाही. तसंच काम करतो हे ठरवायची जबाबदारी बनवणाऱ्याची. ही सवलत चुकीची आहे असं मला वाटत नाही. ती नसती तर प्रत्येक वॉशर कंपनीकडूनच घ्यावा लागला असता आणि गरिबाने जुनी गाडी चालवूच नये असा अर्थ झाला असता. पण ती 'तसंच काम करतो' या तीन शब्दांवर उभी आहे, आणि माझ्या डब्याच्या जाहिरातीत ते शब्द नव्हतेच. 'तसाच बसतो' एवढंच होतं. मी मनातल्या मनात बदलून वाचलं.

शेवटी मधला मार्ग सापडला. गाड्यांच्या कंपन्यांना मूळ पार्ट पुरवणारे कारखाने पुष्कळदा तोच पार्ट आपल्या नावाने, कंपनीच्या शिक्क्याशिवाय विकतात. तोही लोकलच म्हणायचा. माझ्या गाडीचा तसा डबा २१० डॉलरला मिळाला. म्हणजे एकूण २६८ डॉलर आणि दोन शनिवार. जुलैमधल्या सगळ्यात गरम आठवड्यात मुद्दाम टाकी भरून गाडी गॅरेजमध्ये लावली आणि लेकीला जिन्यात उभं केलं. "काही नाही येत," ती म्हणाली. माझ्याकडे शेड नाही, त्यामुळे सध्या तिच्या नाकावर भागवतोय.

आणि आपल्याकडे

हे सगळं पुण्यातल्या शाळासोबत्याला फोनवर सांगत होतो, तर तो हसायला लागला. "अरे, माझ्या बाईकचा तो डबा मी पहिल्याच सर्व्हिसिंगला काढून टाकलाय. गॅरेजवाला म्हणाला, पिकअपला बरं."

भारतात मोटारींना शेडची २ ग्रॅमची मर्यादा २००० पासून आहे. दुचाकींना मात्र बीएस-४ येईपर्यंत वाफेचा नियमच नव्हता. १ एप्रिल २०१७ पासून सगळ्या नव्या दुचाकींना तो लागू झाला आणि बीएस-६ मध्ये, २०२० पासून, तो १.५ ग्रॅमवर आला. म्हणजे बाबांच्या स्कूटरच्या त्या वासावर उत्तर यायला माझं लग्न होऊन मूल व्हावं लागलं. नव्या मॉडेलांच्या परीक्षा होतात त्यातली एक मोठी संस्था, एआरएआय, माझ्या मित्राच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कोथरूडच्या टेकडीवर आहे. १९६६ पासून. तिथे बाईक पास होते, शोरूममध्ये येते आणि पहिल्या सर्व्हिसिंगला डबा भंगारात.

"आणि पीयूसीला?" मी विचारलं.

"पीयूसीत काय? नळी सायलेन्सरमध्ये घालतात. पास."

बरोबरच आहे. जिथे कुपी लावली तिथलीच वाफ मोजली जाणार. १९७२ चं अमेरिकेतलं कोडं २०२० नंतरच्या पुण्यात जसंच्या तसं उभं आहे. त्याला मी उपदेश करणार होतो, पण मीही तर तीन महिने हिरव्या दिव्यावर विसंबून लेकीच्या खोलीखाली वाफ सोडत होतो. त्यामुळे उपदेश गिळला आणि एवढंच विचारलं, "बाईक लावतोस कुठे?"

"जिन्याखाली. का रे?"

"उन्हाळ्यात दुपारी एकदा तिथे उभा राहून बघ. वास आला तर फोन कर."

अजून फोन आलेला नाही. पण परवा त्याचा निरोप आला: डबा कितीला मिळतो, आणि कंपनीचा घ्यावा की लोकल? त्याला या लेखाची प्रत पाठवतोय. असो, टाकी भरायला निघायचंय. एक्केचाळीस सदतीस तर एक्केचाळीस सदतीस.